अण्णांचं उसनं आणि स्वतःचं

‘गोरे गोरे’ लागलं की पाय आपोआप थिरकतात. पण त्याची चाल हॉलिवूडच्या ‘डॉल फेस’ (१९४५) मधल्या, कारमेन मिरांडाने गायलेल्या ‘चिको चिको’वरून घेतलीय हे कळलं, तेव्हा मी जरा खट्टूच झाले. मग सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा, नुसते नकलाकार का?

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. गाणं शिकले विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली. सिनेमात आले ते नट व्हायला. ‘नागानंद’मध्ये काम केलं, पण जम बसला नाही. मग मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये हार्मोनियमच्या साथीला बसले, आणि भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’पासून (१९४२) संगीतकार म्हणून लोक ओळखू लागले.

बेनी गुडमनचं संगीत त्यांना फार आवडायचं. पण नुसत्या आवडीने ट्रम्पेट वाजत नाही. त्यासाठी लागत होते गोव्याचे ख्रिस्ती वादक, जे गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ उर्फ चिक चॉकलेट त्यांतलेच. मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवणारा हा माणूस ‘अलबेला’त (१९५१) बँडसकट पडद्यावर दिसतो.

‘समाधी’तल्या (१९५०) ‘गोरे गोरे’ची लय परदेशीच आहे, हे मान्य करायला हवं. पण लताबाई आणि अमीरबाई कर्नाटकी ते गातात तेव्हा ती आपल्याकडच्या मुलींची थट्टामस्करी वाटते. तेच अण्णा ‘अनारकली’त (१९५३) भीमपलासी घेऊन येतात, आणि ‘आशा’त (१९५७) आपल्या इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेल्या किशोरकुमारांकडून ‘ईना मीना डीका’ गाऊन घेतात.

आमच्या चर्चमध्येही परदेशी चालींवर मराठी गीतं गातो. लहानपणापासून गातेय, मला ती कधी उसनी वाटली नाहीत. तरी चाल कुणाची हे सांगायला हवं, आणि वाजवली कुणी हेही. अण्णांना मोठं म्हणताना या दोन्ही गोष्टी लपवायची काही गरज नाही.

५ जानेवारी १९८२ला अण्णा गेले. आज रात्री ‘अलबेला’ची गाणी लावा, मित्रांनो, आणि या वेळी मागचा ट्रम्पेटही ऐका.