राजाहून श्रेष्ठ कायदा

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स हा राजा होता. राजाची सत्ता ईश्वरदत्त आहे, असे तो मानीत असे. राजादेखील कायद्याच्या अधीन आहे, हे त्याच्यासमोर सांगण्याचे धैर्य ज्याने दाखविले, तो न्यायाधीश म्हणजे सर एडवर्ड कोक.

कोकचा जन्म १५५२ मध्ये नॉरफक परगण्यात झाला. त्याचे वडील वकील होते. परंतु तो नऊ वर्षांचा असतानाच ते निवर्तले. केंब्रिज येथील शिक्षणानंतर तो लंडनला कायदा शिकण्यास गेला व १५७८ मध्ये वकिली करू लागला. न्यायालयात कोणता प्रश्न निघाला, निर्णय काय झाला आणि तो कोणत्या कारणांनी झाला, हे टिपून ठेवण्याचा त्याचा परिपाठ होता. इंग्लंडचा कायदा बहुतांशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशा निर्णयांतूनच घडत आला होता. म्हणून ही टिपणे अमोल ठरली. १६०० ते १६१५ या काळात त्यांचे अकरा भाग प्रसिद्ध झाले.

कोक निर्दोष होता असे नाही. सरकारचा मुख्य वकील या नात्याने १६०३ मध्ये वॉल्टर रॅलेवरील खटला चालविताना त्याने आरोपीला अपशब्दांनी झोडपले. परंतु १६०६ मध्ये तो न्यायासनावर बसला, आणि त्या पदाची जबाबदारी त्याने पुरती ओळखली.

त्या काळी धर्मविषयक न्यायालये आपली मर्यादा ओलांडीत. कोकचे न्यायालय त्यांना थांबविण्यासाठी प्रतिषेधाचे आदेश काढी. हा वाद राजापुढे गेला. न्यायाधीश हे आपलेच सेवक असल्याने खटल्यांचा निवाडा आपण स्वतः करू शकतो, असे राजाचे म्हणणे पडले. कोकने नम्रपणे उत्तर दिले, की महाराज बुद्धिमान आहेत. पण कायद्याचे ज्ञान दीर्घ अभ्यासाने व अनुभवानेच येते. राजा कोणा माणसाच्या अधीन नसला, तरी ईश्वराच्या व कायद्याच्या अधीन आहे. राजा क्रोधाने लाल झाला. तेव्हा कोकने गुडघे टेकून क्षमा मागितली, असेही सांगतात. ते काहीही असो. प्रतिषेधाचे आदेश पुढेही निघतच राहिले.

खरी कसोटी १६१६ मध्ये लागली. राजाच्या अधिकाराशी संबंधित एक खटला तहकूब करावा, अशी आज्ञा झाली. राजाने सर्व न्यायाधीशांना बोलावून विचारले, की पुढे अशी आज्ञा झाल्यास तुम्ही ती पाळाल काय? इतरांनी होकार दिला. तसा प्रसंग आल्यास न्यायाधीशाला जे शोभेल तेच आपण करू, एवढेच कोकने सांगितले.

राजाने त्याला आपल्या ग्रंथांतील चुका शोधून काढण्यास फर्माविले. कित्येक महिन्यांनंतर कोकने पाच किरकोळ चुका तेवढ्या दाखविल्या. त्याच वर्षी त्याला पदावरून दूर करण्यात आले.

तरीही तो खचला नाही. पार्लमेंटचा सभासद या नात्याने तो राजाच्या मनमानीला विरोध करू लागला. त्यापायी सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याला लंडनच्या किल्ल्यात कारावास भोगावा लागला. पुढे १६२८ मध्ये, पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवू नये आणि कारण दाखविल्यावाचून कोणास कैद करू नये, अशी मागणी करणारा हक्कांचा अर्ज पार्लमेंटने पहिल्या चार्ल्स राजाकडून मान्य करवून घेतला. त्यामागे वृद्ध कोकचे मोठे परिश्रम होते.

१६३४ मध्ये कोक मृत्युशय्येवर असताना राजाच्या माणसांनी त्याच्या घराची झडती घेऊन हस्तलिखिते नेली. परंतु काही वर्षांनी पार्लमेंटने ती परत मिळविली, आणि १६४२ व १६४४ मध्ये त्याचे राहिलेले ग्रंथ छापले गेले.

आज आपल्या संविधानाच्या ३२ व २२६ या अनुच्छेदांनुसार सर्वोच्च न्यायालय व उच्च न्यायालये प्रतिषेधाचा आदेश काढू शकतात. न्यायाधीशाला पदावरून काढता येते. पण त्याने सकारण लिहून ठेवलेला न्याय पुसून टाकता येत नाही, हेच कोकच्या चरित्रावरून दिसून येते.