रिटायर झालेल्या ग्रेस हॉपर यांना नौदलाने परत बोलावलं, कारण एकच कोड सगळीकडे चालत नव्हता

१९६६ च्या अखेरीस अमेरिकन नौदलाने साठीच्या कमांडर ग्रेस हॉपर यांना रिटायर केलं. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना पुन्हा बोलावणं आलं. काम फक्त सहा महिन्यांचं, असं ठरलं होतं. कायमच्या बाहेर पडल्या त्या १९८६ ला, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल होऊन.

असं काय काम अडलं होतं?

तर हॉपरबाई मूळच्या न्यूयॉर्कच्या, जन्म १९०६ चा. येलमधून गणितात पीएचडी, मग वासर कॉलेजात शिकवणं. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं तर वजन नियमापेक्षा कमी भरलं. खास परवानगी काढून गेल्याच. नेमणूक झाली हार्वर्डच्या मार्क-१ कॉम्प्युटरवर.

युद्धानंतर त्या युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या आणि १९५२ मध्ये ए-० हा कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम. (आजच्या हिशोबाने ए-० पूर्ण कंपायलर नव्हता, पण सुरुवात तिथूनच झाली.) पुढचा ए-२ ग्राहकांना सोर्स कोडसकट दिला गेला. सुधारणा केल्या तर आम्हालाही पाठवा, असंही सांगितलं. फ्री सॉफ्टवेअर हा शब्दही तेव्हा नव्हता!

त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेवरून १९५९ मध्ये कोबोल आकाराला आली. डिसेंबर १९६० मध्ये तोच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या मशीनवर चालवून दाखवला गेला. पण पुढे प्रत्येक कंपनीने आपापली भर घातली आणि एका कोबोलच्या अनेक बोली झाल्या. इथला कोड तिथे चालेना. नौदलाचं घोडं अडलं होतं ते इथेच.

हॉपर यांच्या टीमने मग कंपायलरचीच परीक्षा घेणारे प्रोग्रॅम लिहिले. कंपायलर स्टँडर्ड पाळतो की नाही, हे त्यातून कळायचं. याच कामातून पुढे सरकारी चाचण्यांचा संच वाढत गेला. १ जानेवारी १९९२ ला हॉपर गेल्या, पण १९८५ च्या स्टँडर्डसाठीचा तो संच आजही ग्नू-कोबोल हा फुकट कंपायलर तपासायला वापरतात.

आज जुना कोबोल कोड हातात आला की लोक सगळ्यात नवं व्हर्जन शोधतात. खरं तर आधी कोड कोणत्या बोलीतला, हे बघावं लागतं. आयबीएमचा, मायक्रो फोकसचा की १९८५ च्या स्टँडर्डचा? ग्नू-कोबोलला ते कंपाइल करतानाच सांगता येतं. नाही सांगितलं तर? चार अंकी म्हणून ठेवलेल्या बायनरी जागेत १२३४५ आला, तर एका बोलीत तो तसाच राहतो, दुसरीत पुढचा १ उडून २३४५ उरतो. पगाराच्या हिशोबात असं झालं तरी स्क्रीनवर एररचा पत्ता नसतो.