इंग्रजी पहिलीतले भीमराव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सर्वांना माहीत आहेत. पण ते इंग्रजी कसे शिकले, हे मी आज सांगणार आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे मूळ गाव कोकणातले आंबडवे. वडील रामजी सुभेदार हे लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. आई भीमाबाई लवकर वारल्या. मग मीरा आत्यांनी सगळ्या भावंडांना सांभाळले.

त्या काळी इंग्रजी आपल्यासारखे पहिलीपासून नव्हते. आधी मराठी चार इयत्ता करायच्या. मग इंग्रजी पहिली, इंग्रजी दुसरी, असे करत इंग्रजी सातवीला मॅट्रिक. म्हणजे आपण चौथीची मुले पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीत गेलो असतो! ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव सातारच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत घातले.

वर्गात त्यांना इतर मुलांबरोबर बसू देत नव्हते. ते घरून गोणपाट आणायचे आणि त्यावर वेगळे बसायचे. शाळा सुटली की गोणपाट परत घरी न्यायचे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. हे वाचून मला फार राग आला. आपल्या वर्गात आम्ही सगळे एकाच सतरंजीवर बसतो.

तेव्हा इंग्रजी शिकवायची रीत म्हणजे पाठांतर आणि भाषांतर. रामजी सुभेदारांनी घरीच भीमरावांकडून हॉवर्ड साहेबांची इंग्रजी पुस्तके तोंडपाठ करून घेतली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून मराठीचे इंग्रजी करायला लावले. कुठे कोणता शब्द चपखल बसतो, ते वडीलच सांगायचे. आम्हाला दहा स्पेलिंग दिली तरी आम्ही कुरकुर करतो.

पुढे सगळे मुंबईला परळच्या चाळीत राहायला गेले. खोली एकच होती. वडील रात्री दोन वाजता भीमरावांना अभ्यासाला उठवायचे आणि मग स्वतः झोपायचे. भीमरावांना शाळेच्या पुस्तकांखेरीज दुसरी पुस्तकेही हवी असत. पैसे नसले की वडील लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा दागिना मागून गहाण टाकायचे आणि पुस्तक आणायचे. पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचे. त्या बहिणींचे मला फार कौतुक वाटते.

एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना संस्कृत शिकायचे होते, पण ते अस्पृश्य म्हणून शिकू दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते मोठेपणी स्वतः शिकले.

१९०७ साली ते मॅट्रिक पास झाले. त्यांचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, नंतर लंडनलाही शिकले. रुपयावरचे त्यांचे मोठे इंग्रजी पुस्तक १९२३ साली लंडनला निघाले. आपल्या लोकांसाठी मात्र त्यांनी १९२० साली मूकनायक हे पत्र मराठीतच काढले. आपली राज्यघटना ज्या मसुदा समितीने इंग्रजीत तयार केली, तिचे ते अध्यक्ष होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी ते वारले. सातारच्या त्या शाळेचे नाव पुढे प्रतापसिंह हायस्कूल झाले. तिच्या जुन्या रजिस्टरात १९१४ नंबरला भिवा रामजी आंबेडकर असे नाव लिहिलेले आहे.