थॉमस मिजली (कनिष्ठ)

थॉमस मिजली, कनिष्ठ (१८ मे १८८९ – २ नोव्हेंबर १९४४) हे अमेरिकन अभियंते व रसायनशास्त्रज्ञ होते. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग आणि शीतकपाटांत वापरला जाणारा फ्रिऑन वायू यांसाठी ते ओळखले जातात. हयातीत त्यांना मोठे सन्मान लाभले. मात्र दोन्ही शोधांचे घातक परिणाम पुढे जगाला भोगावे लागले. जुन्या मोटारींची इंजिने नव्याने बांधताना व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट बदलण्याची जी गरज भासते, तिचाही मिजली यांच्या संशोधनाशी संबंध आहे.

प्रारंभिक जीवन

मिजली यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स येथे झाला. त्यांचे वडीलही संशोधक होते. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९१६ मध्ये ते ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करू लागले.

शिसेयुक्त पेट्रोल

त्या काळी इंजिनातील ठोके ही मोठी अडचण होती. सिलिंडरमधील मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकाएकी पेट घेई. त्यामुळे इंजिनाला इजा होई आणि कॉम्प्रेशन वाढवून अधिक शक्ती मिळवता येत नसे. असंख्य पदार्थांची चाचणी घेतल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेडचा गुण मिजली यांच्या गटास आढळला. १९२३ मध्ये डेटन येथे या पेट्रोलची विक्री सुरू झाली.

शिशाच्या ऑक्साइडचा थर स्पार्क प्लग व एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर साचून ते खराब होत. यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनयुक्त संयुग मिसळण्यात आले. त्यामुळे शिसे वायुरूपात धुरावाटे बाहेर पडू लागले. इंजिन वाचले, शिसे मात्र हवेत मिसळले.

विषबाधा

शिसे विषारी असल्याचे तेव्हाही ज्ञात होते. स्वतः मिजली यांना १९२३ मध्ये शिशाच्या बाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात पाच कामगार दगावले व अनेक जण आजारी पडले. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत मिजली यांनी ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. १९२५ मध्ये विक्री काही काळ थांबली. पुढील वर्षी ती पुन्हा सुरू झाली आणि हे पेट्रोल जगभर पसरले.

व्हॉल्व्ह व जुनी इंजिने

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अतिशय तापतो. अनेक जुन्या इंजिनांत त्याची सीट सिलिंडर हेडच्याच बिडाच्या लोखंडात कापलेली असते. शिशाच्या संयुगांचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीट यांना परस्परांपासून अलग ठेवत असे. शिसेविरहित पेट्रोलवर असे इंजिन दीर्घकाळ वेगाने चालल्यास तप्त धातूचे सूक्ष्म कण व्हॉल्व्हला चिकटून सीटपासून सुटतात. सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुततो, टॅपेटमधील फट कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि अखेर जळतो.

म्हणून इंजिन उघडल्यावर नवे व्हॉल्व्ह केवळ घासून बसवणे पुरेसे ठरत नाही. जुनी सीट कापून त्या जागी कठीण मिश्रधातूचे कडे दाबून बसवतात आणि उष्णतारोधक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वापरतात. ज्या इंजिनांच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये मूळचीच कठीण कडी असतात, तेथे बहुधा याची गरज पडत नाही.

उत्तरायुष्य व निधन

१९३० च्या सुमारास मिजली यांनी सहकाऱ्यांसह फ्रिऑन विकसित केला. १९४१ मध्ये त्यांना प्रीस्टली पदक मिळाले. १९४० मध्ये पोलिओमुळे त्यांना अपंगत्व आले. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी दोर व कप्प्यांची योजना केली होती. त्याच दोरांत गळा आवळला जाऊन १९४४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

परिणाम

फ्रिऑनसारख्या वायूंमुळे ओझोन थराची हानी होत असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्यांवर निर्बंध आले. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर दुष्परिणाम होत असल्याचे सिद्ध झाल्यावर देशोदेशी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. भारतात २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री थांबवल्यावर मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपुष्टात आले.