बाया कर्वे

महर्षी अण्णासाहेब कर्वे सर्वांस ठाऊक आहेत. पण भगिनींनो, मला आठवण करून द्यावयाची आहे ती त्यांच्या घरच्या बायांची. देवरूखच्या गोदूबाई जोशी बालपणीच विधवा झाल्या. १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरुडकरांनी दोघांना वाळीत टाकले! पुढे अण्णांनी विम्याची रक्कमदेखील आश्रमाच्या नावे केली, तेव्हा पदरी मुले असलेल्या बायांना राग आला. मला तो रास्तच वाटतो. तरी त्याच आश्रमासाठी त्यांनी वर्गणी गोळा केली. १९४४ साली सूनबाई कावेरी यांनी संपादिलेल्या ‘माझे पुराण’मध्ये हे सारे आडपडदा न ठेवता आले आहे. बाया १९५० साली वारल्या. अण्णा पुढे बारा वर्षे होते.