जॅक जॉन्सन : पराक्रम आणि त्याचा वारसा

मुष्टियुद्धात हेवीवेट म्हणजे सर्वांत वजनदार गटाचे जागतिक विजेतेपद हा फार मोठा मान समजला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील गोरे लोक तर असे मानीत, की ज्याच्याकडे हे विजेतेपद तो जगातील सर्वांत बलवान पुरुष. म्हणूनच हा मान काळ्या माणसाच्या हाती जाऊ नये याची त्यांनी कडेकोट व्यवस्था केली होती. ती व्यवस्था २६ डिसेंबर १९०८ रोजी एका माणसाने मोडून काढली. त्याचे आईबाप गुलामगिरीत जन्मलेले होते आणि त्याचे नाव जॅक जॉन्सन. तो १९४६ साली वारला. तो आपल्या लोकांचा वीर होता की त्याने आपल्या लोकांचे नुकसान केले, हा वाद मात्र त्याच्या हयातीतच सुरू झाला आणि आजही मिटलेला नाही. या वादात आपल्यालाही विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी टेक्सास राज्यातील गॅलव्हेस्टन या बंदराच्या गावी झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती. वडील हेन्री हे साफसफाईची कामे करून संसार चालवीत. जॅकची शाळा लवकर सुटली आणि तो गोदीवर हमाली करू लागला. गोदीतले जीवन राकट होते. तेथेच त्याला आपल्या हातातील ताकदीची ओळख झाली. त्या काळी गोऱ्या प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी पाच-सहा काळ्या पोरांना एकदम रिंगणात सोडीत. ती एकमेकांना बेदम मारीत, आणि शेवटी जो उभा राहील त्याच्यापुढे चार नाणी फेकली जात. काळ्या मुलाला या धंद्यात शिरण्याची वाट ही अशी होती.

१९०१ साली गॅलव्हेस्टन येथे जो चॉयन्स्की या अनुभवी ज्यू मुष्टियोद्ध्याशी त्याचा सामना झाला. चॉयन्स्कीने त्याला तिसऱ्याच फेरीत आडवे केले. टेक्सासमध्ये पैशासाठी मुष्टियुद्ध खेळणे गुन्हा होता, म्हणून दोघांनाही पकडून तुरुंगात टाकण्यात आले. तेथे सुमारे तीन आठवडे दोघे एकत्र होते. या मुक्कामात चॉयन्स्कीने आपल्या पराभूत प्रतिस्पर्ध्याला आपली विद्या शिकविली. अंगात चपळाई असताना मार का खावा, हा त्या शिकवणीचा गाभा होता. पुढे जॉन्सन बचावात इतका तरबेज झाला, की प्रतिस्पर्ध्याचे ठोसे तो हवेतच अडवी आणि सोन्याचे दात दाखवीत हसत त्याच्याशी गप्पा मारी. त्याच्या हसण्याने गोऱ्या प्रेक्षकांचे रक्त उकळे.

१९०३ साली त्याने 'रंगीत लोकांचे' जागतिक विजेतेपद मिळविले. होय, काळ्यांसाठी विजेतेपदही वेगळे ठेवलेले होते. खरा जगज्जेता जेम्स जेफ्रीज हा काळ्या माणसाशी विजेतेपदासाठी लढणार नाही असे उघड सांगे. तो १९०५ साली अजिंक्य म्हणून निवृत्त झाला. ज्याला सामन्यातच उतरू द्यायचे नाही, तो हरणार तरी कसा आणि जिंकणार तरी कसा? ज्यांना विहिरीवर चढू दिले नाही आणि वर अस्वच्छ म्हटले गेले, त्यांना हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे टॉमी बर्न्स हा विजेता झाला. जॉन्सनने त्याचा पिच्छा पुरविला. बर्न्स इंग्लंडला गेला, जॉन्सन तेथे पोहोचला. बर्न्स ऑस्ट्रेलियात गेला, जॉन्सन तेथेही हजर. अखेर तीस हजार डॉलर्स मिळतील तरच लढेन या अटीवर बर्न्स तयार झाला. जॉन्सनच्या वाट्याला फक्त पाच हजार येणार होते. तेही त्याने मान्य केले, कारण त्याला संधी हवी होती. सिडनी शहरात सुमारे वीस हजार लोकांसमोर हा सामना झाला. चौदाव्या फेरीत बर्न्सची दशा इतकी वाईट झाली, की पोलिसांनीच सामना थांबविला. गोरा विजेता कोसळताना जगाला दिसू नये म्हणून चित्रीकरण करणारा कॅमेराही बंद करण्यात आला.

आता गोऱ्या जगाला जॉन्सनला हरविणारा गोरा वीर हवा होता. प्रसिद्ध कादंबरीकार जॅक लंडन यांनी जेफ्रीजला परत येण्याचे आवाहन केले. जेफ्रीजने वाढलेले वजन उतरवून तयारी केली. ४ जुलै १९१० रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेव्हाडा राज्यातील रिनो गावी सामना झाला. पंधराव्या फेरीत जेफ्रीज पुन्हा पुन्हा खाली पडला आणि त्याच्याच माणसांनी सामना सोडून दिला. त्या रात्री अनेक शहरांत काळ्या लोकांवर हल्ले झाले. आनंद साजरा केला एवढाच त्यांचा अपराध. वीसच्या आसपास माणसे मेली, त्यांत बहुतेक काळे. अनेक ठिकाणी या सामन्याचा चित्रपट दाखविण्यास बंदी झाली. १९१२ साली अमेरिकन संसदेने मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्यानेच बंदी घातली. एका काळ्या माणसाचा विजय डोळ्यांनी पाहण्याचीही एवढी धास्ती होती.

येथपर्यंत जॉन्सनविषयी काळ्या समाजात दुमत नव्हते. वाद सुरू झाला तो त्याच्या राहणीवरून. तो उंची कपडे घाली, वेगाने मोटारी उडवी, दंड झाला तर हसत भरी. शिकागोत त्याने आईसाठी घर घेतले आणि स्वतःचे उपाहारगृह उघडले. गोऱ्या स्त्रियांशी संबंध त्याने कधी लपविले नाहीत आणि गोऱ्या स्त्रियांशीच लग्ने केली. ज्या देशात गोऱ्या बाईकडे पाहिल्याच्या संशयावरून काळ्या तरुणांना झाडाला लटकावीत, तेथे हे धाडस होते. पण या धाडसाची किंमत खेड्यापाड्यांतील निरपराध काळ्यांना मोजावी लागेल, अशी भीती अनेकांना वाटली. बुकर टी. वॉशिंग्टन हे त्या काळचे मोठे काळे पुढारी. उद्योग, संयम आणि शिक्षण यांच्या बळावर हळूहळू वर यावे, हा त्यांचा मार्ग. जॉन्सन आपल्या लोकांची मान खाली घालतो आहे, असे मत त्यांनी १९१२ साली जाहीरपणे मांडले. उलट डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९१४ साली आपल्या मासिकातून जॉन्सनची बाजू घेतली. गोऱ्या विजेत्यांचे असेच वागणे खपवून घेणाऱ्या लोकांना एकाएकी नीतीची आठवण का झाली, तर जॉन्सन काळा आहे म्हणून, असे त्यांचे म्हणणे होते.

सरकारने तर त्याला पकडण्याचा चंगच बांधला. स्त्रियांना वेश्याव्यवसायासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणाऱ्यांविरुद्ध १९१० साली 'मॅन कायदा' झाला होता. ल्यूसिल कॅमेरॉन या गोऱ्या तरुणीच्या प्रकरणात ऑक्टोबर १९१२ मध्ये जॉन्सनला अटक झाली. ल्यूसिलने त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यास नकार दिला आणि डिसेंबरमध्ये त्याच्याशी लग्न केले. मग सरकारने त्याची जुनी मैत्रीण बेल श्रायबर हिला शोधून साक्षीला उभे केले. सर्व गोऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरविले आणि जून १९१३ मध्ये एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. अपील चालू असताना तो कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला. योगायोगाने त्याच वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. वर्णभेदाची ही आग धुमसत असलेली अमेरिका ती हीच.

परदेशात सराव सुटला, वय वाढले. ५ एप्रिल १९१५ रोजी क्यूबातील हवाना येथे जेस विलार्ड या धिप्पाड गोऱ्याने जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत खाली पाडले. आपण मुद्दाम हरलो असे जॉन्सन पुढे सांगत असे, पण ते फार थोड्यांना पटले. १९२० साली तो मेक्सिकोच्या सरहद्दीवरून स्वतःहून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला, कॅन्सासमधील लेव्हनवर्थ तुरुंगात शिक्षा भोगली आणि जुलै १९२१ मध्ये सुटला. १९२२ साली त्याने एका पान्याच्या सुधारणेचे पेटंट मिळविले. हातात कौशल्य होते तसेच डोक्यातही होते.

आता या चरित्राची दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर चरित्र अपुरे राहील.

जॉन्सनची पत्नी एटा हिच्याशी त्याने १९११ साली लग्न केले. लग्नाच्या काही आठवडे आधी त्याने तिला इतके मारले होते, की तिला इस्पितळात ठेवावे लागले. काळ्याशी लग्न केले म्हणून गोऱ्यांनी तिला वाळीत टाकले, काळ्यांनीही आपले मानले नाही, आणि नवरा इतर स्त्रियांच्या मागे. सप्टेंबर १९१२ मध्ये तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तिच्या मरणाला एकच कारण होते असे म्हणणे बरोबर नाही, पण नवऱ्याचा हात त्या कारणांत नव्हता असेही म्हणता येणार नाही.

आणि दुसरी गोष्ट. जॉन्सनच्या काळात सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे असे जबरदस्त काळे मुष्टियोद्धे होते. जॉन्सनप्रमाणेच त्यांनाही गोरे विजेते जवळ फिरकू देत नसत. १९०६ साली जॉन्सनने लँगफर्डला हरविले होते, पण तेव्हा लँगफर्ड वजनाने पुष्कळ हलका होता. स्वतः जगज्जेता झाल्यावर मात्र जॉन्सनने या तिघांपैकी एकालाही विजेतेपदासाठी लढण्याची संधी दिली नाही. दोन काळ्यांच्या सामन्याला पैसा मिळत नाही, हे त्याचे कारण. डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला तो जिम जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्याशी लढला आणि सामना बरोबरीत सुटला. एवढाच काय तो अपवाद. लँगफर्डला ती संधी जन्मात मिळाली नाही. १९४४ साली एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आंधळा आणि कंगाल अवस्थेत सापडला.

ज्या दारावर जॉन्सनने वर्षानुवर्षे धडका दिल्या, ते दार उघडल्यावर त्याने आत जाऊन कडी लावून घेतली. मला वाटते, त्याच्यावरचा सर्वांत मोठा आरोप हाच आहे. उंची कपड्यांचा किंवा मोटारींचा नव्हे.

त्याच्यावर आणखी एक आरोप केला जातो. १९१५ नंतर जवळजवळ बावीस वर्षे कोणाही काळ्याला या विजेतेपदासाठी लढू दिले नाही, आणि हे जॉन्सनच्या उद्धट वागण्यामुळे घडले, असे म्हणतात. हे मला पटत नाही. दार त्याच्या आधीही बंदच होते, तेव्हा कोणता काळा उद्धट वागला होता? बंदी घातली ती गोऱ्यांनी. तिचा दोष बंदी घालणाऱ्यांच्याच माथी राहिला पाहिजे. १९३७ साली जो लुईस विजेता झाला. आपण जॉन्सनसारखे नाही हे त्याला पावलोपावली दाखवावे लागले. गोऱ्या बाईबरोबर फोटो नको, जिंकल्यावर हसणे नको, असे नियम त्याच्या काळ्या व्यवस्थापकांनीच त्याला घालून दिले होते. आपला माणूस वर जावा म्हणून त्यांनी हे केले, यात शंका नाही. पण माणसाला हसण्याची चोरी व्हावी, ही त्या समाजव्यवस्थेची लाज आहे. दुःखाची गोष्ट अशी, की १९३६ साली लुईस जर्मन मुष्टियोद्धा श्मेलिंगशी लढला, तेव्हा श्मेलिंग जिंकेल असे जॉन्सन जाहीरपणे सांगत होता. श्मेलिंग जिंकलाही. आपल्यामागून येणाऱ्याचे कौतुक करणे जॉन्सनला तेव्हाही जमले नाही.

१० जून १९४६ रोजी उत्तर कॅरोलायना राज्यात मोटार अपघातात वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्याचा अंत झाला. काळा म्हणून एका खानावळीत अपमान झाल्याने तो संतापून भरधाव निघाला होता, असे सांगतात. शिकागोत एटाच्या शेजारीच त्याला पुरले. १९१३ च्या शिक्षेबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी दिली, तीही २४ मे २०१८ रोजी. न्यायाला एकशे पाच वर्षे लागली.

मग जॉन्सनला काय म्हणावे? एकाच शब्दात निकाल द्यायचा मोह टाळला पाहिजे. वर्णव्यवस्थेपुढे त्याने मान झुकविली नाही, आणि त्या लढाईत तो सोळा आणे बरोबर होता. सभ्य वागशील तरच माणूस समजू, ही अट त्याने नाकारली, कारण गोऱ्यांना ती अट कधीच नव्हती. त्याच्यावर खटला चालविणाऱ्यांपुढे त्याची बाजू घेणे हे डुबॉइस यांच्याप्रमाणे आपलेही कर्तव्य ठरले असते. परंतु वरच्याशी कसा लढला एवढ्यावर माणसाची परीक्षा संपत नाही. आपल्याहून दुबळ्याशी आणि आपल्या मागून येणाऱ्याशी तो कसा वागला, हेही पाहिले पाहिजे. या दुसऱ्या परीक्षेत जॉन्सन नापास झाला. एटा आणि लँगफर्ड यांची नावे त्याला साक्ष आहेत.

आपल्या घरांतून आता मुले-मुली शिकून पुढे जात आहेत. कुणी साहेब होईल, कुणी पुढारी होईल, कुणी खेळात नाव काढील. अशा कर्तबगार माणसावर बाहेरचे लोक टीका करू लागले, की आपण त्याचे सारे दोष पोटात घालतो. किंवा मग लोक काय म्हणतील या भीतीने त्याला एकटे टाकतो. या दोन्ही चुका आपण टाळाव्यात. त्याच्यावर अन्याय होत असेल तर त्याच्या पाठीशी ठामपणे उभे राहावे, आणि त्याच्या घरात बाईला मार बसत असेल तर तेही त्याला तोंडावर सांगावे. मुलांना जॉन्सनची गोष्ट सांगताना सिडनीचा विजय जरूर सांगा. त्याबरोबर लँगफर्डचीही गोष्ट सांगा, म्हणजे वर पोहोचल्यावर मागच्याला हात द्यायचा असतो, हे त्यांच्या ध्यानात राहील.