सहा नांगर, दोन वर्षं



आठवणींचे लेख या स्मरणिकेत भरपूर असतील, म्हणून मी एका जुन्या माणसाबद्दल लिहायचं ठरवलं. मिरजेहून पुण्याकडे जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं असेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव मला इंजिनीअरिंगला असताना मोठे कारखानदार म्हणून माहीत होतं. सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर मात्र त्यांच्या आयुष्यातला एक छोटासा आकडा मला सारखा आठवतो. त्यांचे पहिले सहा नांगर विकले जायला दोन वर्षं लागली होती.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. लहानपणापासून चित्रं आणि यंत्रं या दोन्हींचा नाद. १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण त्यांना काही रंगांतला फरक कळत नाही, हे तिथे लक्षात आलं. चित्रकार होण्याचा रस्ता बंद झाला. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि आज आपण व्ही.जे.टी.आय. म्हणतो त्या संस्थेत शिकवू लागले. ड्रॉइंग ही आम्हा इंजिनीअरांची पहिली भाषा. डोक्यातली वस्तू कागदावर अशी काढायची, की न पाहिलेल्या माणसालाही ती बनवता यावी. लक्ष्मणराव नेमकं हेच मुलांना शिकवत होते.

१८८८ मध्ये त्यांनी भाऊ रामुअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा त्या विकायचे. सायकल तेव्हा इतकी नवी होती, की नुसती विकून भागत नव्हतं, गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवावी लागे. पुढे मुंबईच्या नोकरीत त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

तिथे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रं बनवली आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगरापेक्षा तो टिकाऊ आणि खोल नांगरणारा. कागदावर सगळा हिशेब बरोबर होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी त्यांची समजूत होती.

इथे आपल्यासारखी शिकलेली माणसं पटकन हसतात आणि अडाणीपणा म्हणून विषय संपवतात. मला तसं वाटत नाही. ज्याच्याकडे एकच रान आहे आणि वर्षाचं पीक त्यावरच यायचं आहे, त्याला एक हंगाम फसणंही परवडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नांगर सोडायचा, तर खात्री हवीच. नांगर किती मजबूत आहे हा त्याचा प्रश्न नव्हताच. माझ्या जमिनीचं काय होईल, हा होता. विकणारा मजबुतीबद्दल कितीही बोलला, तरी या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळत नव्हतं. ते रानातच मिळणार होतं, शेजाऱ्याच्या नांगरटीतून आणि त्यानंतर आलेल्या पिकातून. त्याला दोन वर्षं लागली, आणि लक्ष्मणराव तेवढे थांबले.

तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला जागा हवी होती, म्हणून कारखाना हलवावा लागला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी कुंडल स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचं माळरान. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. कारखान्याबरोबर कामगारांचं गाव उभं राहिलं आणि त्याची व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली.

१९२० मध्ये वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. ते चालवणारे शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत जावी, एवढाच मूळ हेतू. पण शेतकऱ्याच्या घरात इतरही माणसं असतात, त्यांनाही वाचायला काही हवं असतं, हे ओळखून ते अंक वाढत गेले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं. आपल्या आज्यांनी आवडीने वाचलेली ही मासिकं एका नांगराच्या कारखान्यातून निघाली, याची मला अजूनही गंमत वाटते. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले, तोवर नांगराचं नवल राहिलं नव्हतं.

हे सगळं आज का लिहिलं? माझ्या टीममध्ये आपल्यासारख्याच शाळांतून आलेली मुलंमुली आहेत. कामात हुशार, पण मीटिंगमध्ये गप्प. त्यांनी केलेलं चांगलं काम कुणाला कळत नाही आणि श्रेय बोलणाऱ्याला जातं. काही जण बोलतात, पण आपल्या कोडबद्दलच. समोरच्या गोदामवाल्याला किंवा अकाउंट्सवाल्याला काय भीती वाटते आहे, ते विचारायचं राहून जातं. अडचण इंग्रजीची आहे असं त्यांना वाटतं. मला ती दुसऱ्याच्या रानात उभं राहून पाहण्याची वाटते, आणि ते मराठीतही शिकता येतं. माल वाईट असेल तर बोलण्याने तो तरत नाही, हे खरंच. पण चांगला मालही न कळल्यामुळे पडून राहतो.

म्हणून आपल्या माजी विद्यार्थी संघाला एक विनंती. महिन्यातून एका शनिवारी आपल्यापैकी कुणी दोघांनी शाळेत जावं आणि नववीच्या मुलांकडून त्यांचा विज्ञानाचा प्रयोग समजून घ्यावा. आपण फक्त प्रश्न विचारायचे, अगदी अडाण्यासारखे. फळ्यासमोर उभं करून हे गणित वर्गाला समजावून सांग म्हणणाऱ्या बाई आपल्याला मिळाल्या होत्या. ती सवय पुढच्या मुलांनाही लागावी. पहिल्या शनिवारी मी येते.